भरू का पाणी?

आमचे हवालदार, म्हणजे माझे यजमान, फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस चार दिवस देवदेव करील, पारावर बसून गप्पा हाणील, फार तर माझ्या भाकरीला नावं ठेवील. तसलं काही झालं नाही. त्यांना योजनांचं वेड लागलं. पेपरात ‘अनुदान’ हा शब्द दिसला की ते चष्मा पुसायचे, आणि त्यांनी चष्मा पुसला की मी चहापूड-साखर जास्तीची आणून ठेवायची. कारण पुढचे सहा महिने घरात झेरॉक्स, सातबारा, पासपोर्ट फोटो आणि चहाला आलेले साहेब यांच्याशिवाय दुसरं काही दिसायचं नाही.

आणि योजना सगळ्या पाण्याच्याच. का, तर म्हणे पुढची लढाई पाण्यावरून होणार हाय, आपण तयार पाहिजे. आता लढाई झालीच तर ती रहिमतपूरजवळच्या आमच्या एवढ्याशा गावात कशाला होईल, असं मी एकदा विचारलं. “तुला स्ट्रॅटेजी कळत न्हाई,” असं उत्तर मिळालं.

पहिलं आलं शेततळं. रानात चांगलं चौकोनी तळं खोदलं, आत काळा कागद अंथरला, पाणी भरलं. आमच्या म्हशीला वाटलं, मालकानं आपल्यासाठीच केलंय. दुसऱ्याच उन्हाळ्यात ती निवांत आत उतरली, कागदाच्या चिंध्या केल्या आणि वर यायलाच तयार होईना. शेवटी तिला जेसीबी बोलवून काढली. मग आलं उसाला ठिबक. माझं माहेर सांगलीकडचं, तिथं माझा भाऊ द्राक्षाला ठिबक वापरतो आणि गुण गातो त्याचे. आमच्या उसात उंदरांनी पहिल्याच वर्षी नळ्यांच्या बासऱ्या करून टाकल्या. मग छतावरचं पावसाचं पाणी धरायची टाकी आली. ती टाकी पावसाळ्यात तुडुंब भरते, जेव्हा कुणाला पाणी नको असतं, आणि उन्हाळ्यात तिच्यात मांजर पिल्लं घालतं.

पण हवालदारांच्या सगळ्या योजनांचा मुकुटमणी म्हणजे संडास. आमच्या आळीत अनुदानातून पहिला संडास आम्ही बांधला. खड्डा कुठं घ्यायचा यावर आठ दिवस नकाशे चालले होते. खरी अडचण होती भावकीची. आमच्या परसाच्या एका अंगाला माझ्या चुलत दिराचा बांध. सातारा जिल्ह्यात माणूस एकवेळ बायकोचा शब्द खाली पडू देईल, पण बांधाची वीत सोडणार नाही. तेव्हा उद्या दीर म्हणायला नको की दादाचा खड्डा माझ्या हद्दीत पाझरतो. म्हणून हवालदारांनी टेप आणला, दिराला समोर उभं केलं, आणि बांधापासून मोजून मोजून खड्डा पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या भिंतीला नेऊन टेकवला. “कुणाला बोलायला जागा ठेवली न्हाई,” म्हणाले आणि टेप गुंडाळला.

साहेब आले, त्यांनी आम्हा दोघांना संडासाच्या दारात उभं करून फोटो काढला. तो पंचायतीत लावला. लग्नातला एक धड फोटो नाही आमच्याकडे, पण संडासासमोरचा आहे, फ्रेम करून. पुढं कुणी रंगारी आला, त्याला रस्त्याकडची आमची भिंत आवडली, तिच्यावर त्यानं हातभर अक्षरात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलं. हवालदारांनी त्याला दोनदा चहा पाजला.

एवढ्या सगळ्यात मी आपली हसायला होते. मग माझीच पाळी आली.

गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं, अशी योजना निघाली. बचत गटातली मी आणि आणखी चौघी कोरेगावला प्रशिक्षणाला गेलो. नाष्ट्याला उपमा होता, गोळ्या झालेला. एक तरुण सर निळी पेटी उघडून एकेक बाटली दाखवत होते. त्यातली एक बाटली लक्षात राहावी अशी होती. तिच्यात रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस उबेला ठेवायची. पाणी चांगलं असेल तर बाटली आहे तशीच राहते. पाण्यात मैला उतरला असेल तर काळी होते.

आमच्यातल्या एकीनं हात वर केला. “सर, मैला म्हंजी नेमका कुनाचा, ते कळतं का?”

सगळा हॉल हसत सुटला. सरांचं तोंड लाल झालं. “ते बाटलीला कळत नाही ताई, तुम्हाला कळेल,” एवढंच म्हणाले बिचारे. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते. डोळ्यांतून पाणी आलं होतं माझ्या.

पेटी घरी आली आणि माझा भाव वाढला. तो वाढवला मुख्यतः आमच्या शेजारणीनं. ती मुसलमान, मी तिला भाभी म्हणते, ती मला वैनी, आणि दोघी एकमेकींना अगंतुगं. तिच्या मालकांचा पूर्वी कल्हईचा धंदा. आता कल्हई कोण लावून घेतो, म्हणून ते रहिमतपूरच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करतात. तिच्या आणि माझ्या मागच्या दारांमध्ये एक आड आहे, रस्त्याच्या कडेला, पंचायतीचा. जुना, अरुंद, दगडी, वर लोखंडी रहाट. आमच्या आळीतल्या चारपाच घरांचं पिण्याचं पाणी त्याच्यातलं.

नळ नाहीत असं नाही. नळ दारोदार आहेत. गावात मोठी टाकी झाली, पायपा पडल्या, समारंभ झाला, त्या दिवशी नळाला पाणीही आलं होतं. पण आमची आळी चढावर, इथं पाणी येतं ते एकाआड एक दिवस, आणि करंगळीएवढं. शिवाय त्यात पावडर. पंचायतीचा शिपाई टाकीत पावडर टाकतो ती पाणी शुद्ध करायला, हे पेटीवाल्या बाईला, म्हणजे मला, चांगलं माहीत. तरी मीसुद्धा त्याला धरून झापलंय, “आरं, केवढी टाकतोस मेल्या, चहा फाटतोय आमचा!” आळीतल्या सगळ्या बायकांचं एकच मत, की नळाचं पाणी भांड्याला आणि आडाचं पोटाला.

तर मी उन्हाळ्यात आडाचं पाणी बाटलीत भरलं, खिडकीत ठेवलं, भाभीला बोलावून दाखवलं. बाटली आहे तशी राहिली. तेव्हापासून रोज सकाळी भाभी घागर कमरेवर घेऊन आडापाशी यायची आणि माझ्या खिडकीकडे तोंड करून ओरडायची, “काय डाक्टरीनबाई, भरू का पानी?”

मी आतून ओरडायची, “भर भर!”

थट्टाच होती ती. पण खरं सांगू, मला ते लय आवडायचं. उभ्या जन्मात मला कुणी काही विचारलं नव्हतं. हवालदार तर भाजी काय करायची तेसुद्धा सांगून मोकळे व्हायचे. इथं एक बाई रोज माझ्या परवानगीनं पाणी भरत होती. मी चहा गाळता गाळता त्या हाकेची वाट बघायची.

पावसाळा संपता संपता तिची लेक बाळंतपणाला आली. लेकीचं सासर लोणंदचं, जावई कारखान्यात. सातवा सरत आलेला. लहानपणी माझ्याच अंगाखांद्यावर खेळलेली पोर, आता पोटावर ताटली ठेवून जेवायची आणि मला म्हणायची, “काकी, टेबल आनलंय बरोबर.” भाभीनं तिला नळाच्या पाण्याचा थेंब लावू दिला नाही. पोटुशी बाई, तिला पावडरीचं पाणी कसं द्यायचं? तिच्यासाठी वेगळी घागर, वेगळं फडकं, आणि पाणी आडाचं, वैनीनं तपासलेलं.

त्याच सुमारास गावात एक निराळीच गडबड उडाली होती. पाण्याची आणि स्वच्छतेची पाहणी करून आरोग्यवाले गावाला कार्ड देतात. लाल, पिवळं, हिरवं. आमचं गाव बरीच वर्षं हिरवं टिकवून होतं, आणि आता त्याला चंदेरी कार्ड मिळायची वेळ आली होती. चंदेरी कार्ड म्हणजे साताऱ्यात मोठा कार्यक्रम, शाल, नारळ, फोटो. सरपंच कोण? माझी चुलत जाऊ. हो, तीच, बांधावाल्या दिराची बायको. वयानं माझ्याहून लहान, पण तुरुतुरु. तिनं कार्यक्रमासाठी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती, चंदेरी रंगाची. मला घरी येऊन दाखवून गेली. “आक्का, कार्डाला मॅचिंग!”

पाहणीला तीन-चार दिवस होते. माझ्या वहीत नळाच्या पाण्याच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळ्या चांगल्या. आडाची मागितलीच नव्हती. कारण घरोघरी नळ दिल्यावर कागदावर आड ‘वापरात नाही’ झाला होता. पण पेटीत एक बाटली उरली होती. म्हटलं, पावसाळा होऊन गेलाय, आडाचं पाणी हाताला लागेल इतकं वर आलंय, बघावं एकदा. खरं तर बाटली भरताना मी मनात शंकाही आणली नव्हती.

दुसऱ्या सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीकडं बघितलं. बाटली काळीकुट्ट.

मी ती हातात घेतली, ठेवली, परत घेतली. आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, “काय डाक्टरीनबाई, भरू का पानी?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “भर!”

सवयीनं निघालं असं मी स्वतःला दिवसभर सांगत होते. पण मागं जाऊन, दार उघडून, ‘भाभी थांब’ म्हणायला किती वेळ लागला असता? रहाटाचा कुरकुर आवाज ऐकत मी तिथंच उभी राहिले आणि बाटली पिठाच्या डब्यामागं ढकलली.

हवालदारांना दाखवली तर ते म्हणाले, “बाटलीच खराब असंल. सरकारी माल.”

बघा आता! वीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लेला, सरकारी कागद देव्हाऱ्यात ठेवायचा बाकी राहिलेला माणूस, त्याला त्या दिवशी सरकारी माल खराब वाटला. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. चौघींपैकी एकीकडून दुसरी बाटली आणली. पोहरा सोडला, पाणी काढलं, बाटली भरली आणि मान वर केली.

समोर आमची भिंत. तिच्यावर हातभर अक्षरात, पाणी अडवा, पाणी जिरवा. भिंतीच्या पलीकडं आमचा खड्डा.

मी आडापासून भिंतीपर्यंत चालत गेले. नऊ पावलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, खड्डा आणि पिण्याचं पाणी यांत निदान पन्नास फूट पाहिजेत. आमच्या हवालदारांनी बांध इंच इंच मोजला होता, आणि पाठ आडाकडं होती म्हणून आड मोजलाच नव्हता. उन्हाळ्यात पाणी खोल होतं तोवर निभावलं, पावसानं जमीन भिजली आणि खड्डा आडाकडं पाझरला. साहेबांनी फोटो काढला तेव्हा तेही आडाकडं पाठ करून उभे होते. मीही त्या आडाचं पाणी त्या दिवशी साहेबांना चहात पाजलं होतं. कर्म माझं! कोरेगावच्या हॉलमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच घरात निघालं. नेमका कुणाचा, तर आमचा.

दुसरी बाटली दुसऱ्या सकाळी काळी झाली. हवालदारांनी ती बराच वेळ बघितली. मग टेप घेऊन बाहेर गेले, मोजून आले आणि खुर्चीवर बसले.

“उद्या पाहनी हाय,” म्हणाले. “ती होऊ दे. मग बघू.”

“आवं, पन लोकं पानी पित्यात.”

“इतके दिवस पित्यात, आनखी एका दिवसानं काय होतंय? आन् कागदावर आड हायच न्हाई. जो आड न्हाई त्याचं पानी खराब कसं असंल?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मग हळूच म्हणाले, “भावकी जलमभर म्हनंल, हवालदाराच्या संडासानं गावाचं कार्ड घालवलं.”

सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते. पण खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. जाऊ ती साडी नेसून माझ्याकडं कशी बघेल, आळीतल्या बायका नाकाला पदर लावून कशा हसतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. पंचायतीतला तो फोटो डोळ्यांपुढं येत होता.

बाहेर रहाट हलला. “भरू का पानी?”

“भर,” मी म्हटलं. या खेपेला सवयीनं नाही. या खेपेला मी खिडकीपाशी उभी राहून, तिच्या तोंडाकडं बघून म्हटलं.

तिसऱ्या सकाळी हाक आली नाही. चहा उतू गेला तरी आली नाही. मी तशीच भाभीच्या घरी गेले. लेक भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरंफटक, ओठ सुकलेले. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. भाभी तिच्या तोंडाशी पेला धरून म्हणत होती, “घोटभर पी ग बाळा, पानी पोटात गेलं पायजे.” पेल्यात कुठलं पाणी होतं ते मला विचारावं लागलं नाही. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. तिला वाटलं, मी तिला मदत करतेय.

मी घरी पळत आले. हवालदार दाढी करत होते. म्हटलं, “पोर पडलीया.” त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवली, चौकातून शिटा भरणारी वडापची जीप वळवून आणली, आणि त्या पोरीला दोन्ही हातांवर उचलून आत निजवलं. आम्हाला सरकारी दवाखान्याच्या दारात सोडलं आणि त्याच जीपनं परत गेले. मला राग आला, की या माणसाला अजून पाहणीचीच पडलीय. घरून निघताना मी दुसरी काळी बाटली पिशवीत टाकली होती. का टाकली, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सलाईन लावलं, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकले, पुन्हा ऐकले. ठोके होते. मग विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

भाभी ताठ झाली. “पान्याचं काय बी न्हाई डॉक्टर. पानी आमचं एक नंबर. ही आमची वैनी रोज तपासून देती, मंगच भरते मी.”

ती माझ्याकडं हात करून म्हणाली. एवढ्या काळजीतसुद्धा तिच्या आवाजात माझा अभिमान होता. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण दवाखान्याला फरशी होती. मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि कागदावर काहीतरी लिहून नर्सला दिलं. भाभीला आधी कळेना. बाटली अशी काळी होते हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं बघितलेली तेवढी एकच, चांगली.

“ही कवाची?” तिनं विचारलं.

“ही कालची. आन् एक परवाची हाय. घरात.”

“परवा मी इचारलं व्हतं तुला.”

“व्हय.”

“काल बी इचारलं व्हतं.”

“व्हय भाभी.”

मला वाटलं, आता ही ओरडेल, माझ्या झिंज्या धरेल, शिव्या देईल. दे गं बाई, असं मी मनात म्हणत होते. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. “तुमी जावा आता वैनी,” म्हणाली. “मी बसते तिच्यापाशी.”

तीस वर्षांत तिनं मला तुमी म्हटलं नव्हतं.

मी एसटीनं परत आले. आळीत गर्दी. आडाभोवती आरोग्यवाले, ग्रामसेवक, सरपंच जाऊबाई आणि मध्ये अर्ध्या दाढीचे आमचे हवालदार. हातात टेप, एक टोक आडाला, एक टोक आमच्या भिंतीला. मोठ्यानं आकडा वाचून दाखवत होते, ग्रामसेवक लिहीत होता. दवाखान्यातून परत जाऊन या माणसानं पाहणीवाल्यांना हाताला धरून कागदावर नसलेल्या आडापाशी आणलं होतं. “हा आड. ही भिंत. ह्याच्यामागं माझा खड्डा. ल्ह्या,” असं परेडला सांगावं तसं सांगत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला त्या माणसाचा खरा अभिमान त्या दिवशी वाटला, आणि तोही अर्धी दाढी असताना.

चंदेरी कार्ड गेलं. हिरवंही गेलं, पिवळं आलं. जाऊ माझ्या गळ्यात पडून रडली. “आक्का, आता ती साडी कुठं नेसू गं मी?” म्हटलं, माझ्या मयताला नेस. तेव्हा कुठं हसली.

आता खड्डा हलवायचा. हवालदारांनी चष्मा पुसला आणि योजना शोधायला घेतली. तेव्हा कळलं, खड्डा बांधायला अनुदान आहे, चुकीचा खड्डा बुजवायला नाही. एका घराला एकदाच. सरकार एकाच कनवटीतून आडात घाण जायला पैसे देतं आणि ती घाण आली का ते तपासायला बाटल्याही देतं, पण मधल्या माणसानं चूक केली तर ती त्याची त्यानं निस्तरायची. निस्तरली. पण जागा? आडापासून पन्नास फूट सोडले की आमच्या परसात जागाच उरत नव्हती. उरत होती ती बांधापलीकडं.

धाकट्या चुलत भावाच्या दारात जाऊन संडासाला जागा मागणारे हवालदार मी बघितले. टोपी काढून गेले होते. दीर काही बोलण्याआधी जाऊबाईच म्हणाली, “घ्या दाजी, जागा घ्या. पन ह्या खेपंला अंतर मी मोजनार.” आणि मोजलंही तिनं, पदर खोचून, टेपचं दुसरं टोक हवालदारांच्या हातात देऊन. जुना खड्डा उपसला, बुजवला. आड दोनदा उपसला, आत पावडर टाकली, आणि या वेळी चहा फाटला तरी कुणी चकार शब्द काढला नाही. फोटो मी पंचायतीतून काढून आणला, तो आता कणगीमागं आहे.

पोर चार दिवसांनी दवाखान्यातून आली. दिवस भरल्यावर बाळंत झाली, मुलगी झाली, चांगली दणदणीत. मी बाळंतविड्याचे लाडू घेऊन गेले. भाभीनं ते घेतले, डबा धुऊन परत पाठवताना रिवाजाप्रमाणं त्यात साखर घालून पाठवला. पण पाठवला मालकांच्या हाती. सगळा हिवाळा ती खालच्या आळीतल्या नळावरून पाणी आणत होती, चढ चढून, दोन दोन घागरी. माझ्या खिडकीखालून जायची, वर बघायची नाही. मी मात्र खिडकीत उभी असायची. एकदा म्हटलं, “भाभी, मी आनू का घागर?” ती थांबली, दम घेतला, “नगं” म्हणाली आणि गेली.

आता दर सोमवारी मी आडाच्या पाण्याची बाटली लावते. वहीत कुणी मागत नाही, तरी लावते. बाटल्या कमी पडल्या की कोरेगावला जाऊन भांडून आणते. मंगळवारी सकाळी ती खिडकीत उजेडाला ठेवलेली असते.

होळीच्या आदल्या आठवड्यात, अशाच एका मंगळवारी, मी चहा गाळत होते. मागचं दार वाजलं. भाभी घागर घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली.

“बाटली दाखव,” म्हणाली.

मी दिली. तिनं ती खिडकीच्या उजेडाला धरली, कल्हई आतून नीट बसलीय का बघायला भांडं धरावं तशी. एका बाजूनं बघितली, फिरवून दुसऱ्या बाजूनं बघितली. नखानं काचेवर टिचकी मारली. मग जागेवर ठेवली, घागर उचलली आणि आडावर जाऊन पाणी भरलं.

तेव्हापासून दर मंगळवारी येते. कधी नातीला काखेत घेऊन येते, कधी चहाही घेते. बाटली स्वतः उचलते, स्वतः बघते, आणि मग आठवडाभर पाणी भरते. रोज सकाळी तो रहाट कुरकुरतो, आणि मी हातातलं काम टाकून कान देते.

मला ती विचारत नाही.